दीड लाखाचा डिप्लोमा की १८ हजारांची नोकरी?

देवरूखहून एका वडिलांचं पत्र आलंय. लेकीचं बी.फार्म. झालं. जवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला आपलं क्लिनिकल रिसर्च सेंटर, म्हणजे औषधं-उपचार रुग्णांवर तपासून पाहणारं केंद्र, वाढवायचंय. तिथे ११ महिन्यांच्या करारावर १८ हजारांची समन्वयकाची नोकरी तिला मिळतेय. पुण्याची एक संस्था मात्र दीड लाखात याच विषयाचा डिप्लोमा आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देते म्हणते. ‘कोकणात बसून कसलं संशोधन?’ असंही त्यांनी विचारलंय.

नमस्कार. दीड लाख तूर्त बँकेतच राहू द्या. नोकरी घ्यावी असं माझं मत आहे, पण चौकशी करून.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची विंचूदंशावरची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. विंचूदंशावर नुसतं प्राझोसिन हे औषध द्यावं की जोडीला प्रतिविषही, हे तपासणारी त्यांची महाडची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ या अशाच नियतकालिकाने छापली. लेप्टो, सर्पदंश, सिंधुदुर्गातला माकडताप... आपल्याकडे विषयांना तोटा नाही. तोटा आहे तो नीट नोंदी ठेवणाऱ्या माणसांचा.

सेंटर वाढवायचं म्हटलं की आधी फ्रीझर आणि पाटी येते. पण अभ्यासाला पैसे देणारी कंपनी वेगळंच विचारते: घेतलेल्या रुग्णांपैकी शेवटच्या भेटीपर्यंत किती टिकले आणि कागद चोख आहेत का? ही दोन्ही कामं समन्वयकाची. समजा, एखाद्या रुग्णाची भेट २८व्या दिवशी आहे, फार तर तीन दिवस मागेपुढे. नेमकी तेव्हाच भातलावणी निघते, किंवा गणपती आटोपून मुलगा आईला मुंबईला घेऊन जातो. हुशार समन्वयक पहिल्याच दिवशी मुंबईचा पत्ता आणि शेजाऱ्याचा फोन लिहून ठेवते, एसटीचं भाडं अभ्यासातून मिळेल हेही सांगते. नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही. खालचं वाचता येईल अशी एक रेघ मारायची, दुरुस्ती करायची, सही आणि तारीख टाकायची. पावसात रात्रभर वीज गेली, तर २ ते ८ अंशांत ठेवायच्या औषधांचं तापमान किती चढलं हेही खरं तेच लिहायचं.

संमतीपत्राचं काम याहून अवघड. ‘डॉक्टर म्हणतील तिथे अंगठा देतो’ म्हणणाऱ्या आजोबांना थांबवून सांगावं लागतं, की तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालूच राहतील. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचं. हे डिप्लोम्याच्या वर्गात कितीसं शिकवणार?

आता चौकशी. सीटीआरआय ही देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. त्यात या महाविद्यालयाचं नाव शोधा, सध्या काय चालू आहे ते कळेल. एथिक्स कमिटी, म्हणजे चाचणीला मंजुरी देणारी आणि रुग्णांचं हित पाहणारी समिती, नोंदणीकृत आहे का, ते विचारा. औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य लागतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. प्रमुख संशोधक डॉक्टरांना ओपीडी आणि लेक्चरं सांभाळून खरंच वेळ आहे का, हेही पाहा. रुग्णाला गंभीर त्रास झाला तर या डॉक्टरांना ते २४ तासांत एथिक्स कमिटीला आणि कंपनीला कळवावं लागतं. तेव्हा डॉक्टर फोन उचलत नसतील तर धावपळ तुमच्या लेकीची. पगार एकाच अभ्यासाच्या निधीतून असेल, तर तो संपल्यावर काय, हे आधीच स्पष्ट करून घ्या. आणि कधी ‘डॉक्टरांची सही तूच कर’ किंवा ‘मागची तारीख टाक’ असं कुणी सांगितलंच, तर त्याच दिवशी नोकरी सोडायची, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

दोनेक वर्षं हे काम नीट केलं, की पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत मॉनिटर (केंद्रांचं काम तपासणारा), औषधसुरक्षा किंवा डेटा व्यवस्थापनाच्या जागांसाठी तिला अर्ज करता येईल. तिथे अनुभव आधी विचारतात. जीसीपीचं, म्हणजे चाचण्या नीट करण्याच्या नियमांचं, प्राथमिक प्रशिक्षण ऑनलाइन फुकट मिळतं, ते तिने मुलाखतीआधीच उरकावं. डिप्लोमावाल्यांकडे मात्र मागच्या बॅचला कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर घेतलं याची यादी लेखी मागा. बहुतेक पुन्हा फोन येणार नाही.

आणि हो, मुलाखतीला तिच्यासोबत आत जाऊ नका. वरचे प्रश्न तिलाच विचारू द्या.