आधी १९३० ला फोन, मग बाकीचं

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण प्रश्न तेच असतात. म्हणून या वेळी पाच एकत्र घेते आहे.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागतात. नाही म्हटलं की ‘सिस्टीम बिल काढत नाही’ म्हणतात. द्यावाच लागतो का? (नाशिक)

नाही. नंबर बिलासाठी नसतोच, जाहिरातींच्या यादीसाठी असतो. नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. मॅनेजरही ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : जुनं कपाट विकायला काढलंय. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. टाकू का? (कोल्हापूर)

टाकू नका. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.

प्रश्न : मिस्टरांना ओळखीच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. उघडली तर काहीच दिसलं नाही. रात्रीतून खात्यातले ८४ हजार गेले. ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. लाजेपोटी ते चार दिवस घरात बोलले नाहीत. दीर म्हणतात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँक सगळे पैसे भरून देते. खरं का? (चिपळूण)

दिरांनी अर्धाच नियम ऐकला आहे, आणि याच अर्ध्या माहितीवर लोक निर्धास्त बसतात.

आधी काय घडलं ते बघा. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.एपीके’ अशी इंग्रजी अक्षरं असणार. ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते फोनमध्ये बसतं, मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण ‘अलाऊ’ दाबतो. मग ओटीपी कुणाला सांगायची गरजच उरत नाही, तो परस्पर चोराकडे जातो. पुढे तीच पत्रिका तुमच्या नंबरावरून तुमच्या नातेवाइकांना जाते. ओळखीच्या नंबरावरून आली ती अशीच.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने तो जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिला. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक दोघांचीही नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तरीही नाही. चार ते सात कामकाजी दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार ग्राहकावर येतो. निष्काळजीपणा ग्राहकाचा ठरला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. मात्र जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. काउंटरवरचा माणूस ‘तुमचीच चूक’ म्हणाला म्हणून ती ठरत नाही. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तुमच्या प्रकरणात दिवस नेमके कसे मोजायचे, हे कागद दाखवून वकिलाला विचारा.

पण मला खरी काळजी त्या चार दिवसांची वाटते. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतात आणि मग एटीएममधून काढतात. तो कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येतो. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर त्यासाठीच आहे. तो दुसऱ्याच्या फोनवरून लावा. आपल्या फोनचं इंटरनेट बंद करा, सिम काढून साध्या फोनमध्ये घाला. फाइलचा फोटो घेतल्याशिवाय ती पुसू नका. आणि ‘फी द्या, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका, तो दुसरा चोर असतो.

मिस्टरांना दोष देऊ नका. आजच तक्रार करा, उशीर झाला असला तरी.

प्रश्न : लॉजवर आधारची झेरॉक्स ठेवून घेतात. धोका आहे का? (सोलापूर)

आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तेच द्या. अंगठा लावून पैसे काढायची सोय तुम्ही वापरत नसाल तर बायोमेट्रिक लॉक करा. रेशनला अंगठा लागतो, तेव्हा तात्पुरतं उघडता येतं. जमत नसेल तर आधार केंद्रात विचारा, सायबर कॅफेवाल्याच्या हाती फोन देऊ नका.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणाला, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. शेजारच्या काकूंनी फोन कापला. पुन्हा आला तर? (सांगली)

कापायचा. अशी अटक कायद्यात नाही. खातरजमा हवी असेल तर वडिलांना घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. घरी त्यांना ‘इतकं कसं कळलं नाही’ असं म्हणू नका. पुढचा फोन आला तर तो त्यांनी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायला हवा.