वडिलांच्या मागे राहिलेल्या, न जोडलेल्या प्लॅस्टिक मॉडेल किटची किंमत कशी ठरवायची आणि ती कशी विकायची?

सगळा साठा एकाच व्यापाऱ्याला उचलून देऊ नका. आधी यादी करा, मागणी असलेली किट सुटी विका आणि उरलेली गठ्ठ्याने. यादीत कंपनी, स्केल (मूळ वस्तूच्या तुलनेतलं प्रमाण, जसं १/७२), खोक्यावरचा किट क्रमांक आणि अवस्था लिहा. हा क्रमांक स्केलमेट्स या मॉडेल किटची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर शोधला की साचा कोणत्या वर्षाचा आणि नंतर किती वेळा निघाला ते कळतं. भाव ईबेवर ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावूनच बघा. विक्रेत्याने नुसत्या मागितलेल्या आकड्याला अर्थ नाही. जुनं म्हणजे महाग असंही नाही. एअरफिक्स, तामिया, रेव्हेल या कंपन्यांची पुन्हापुन्हा निघणारी किट स्वस्तच जातात. बंद पडलेल्या फ्रॉग या ब्रिटिश कंपनीचे बरेच साचे सोव्हिएत संघात जाऊन नोव्होच्या नावाने निघाले, त्यामुळे तिथे खरी किंमत मूळ खोक्याची.

सीलबंद पिशव्या फोडू नका. उघडलेल्या किटमध्ये एवढं तपासा:
- सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी सूचनापत्रकातल्या आकृतीशी जुळवून मोजा. एक सुटा भाग हरवला तरी भाव पडतो.
- डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-अक्षरं) पिवळे पडलेत किंवा तडकलेत का?
- पारदर्शक भागांवर ओरखडे आहेत का?
- मऊ व्हिनाइलचे टायर प्लॅस्टिकला टेकून राहिलेत का? त्यांतलं प्लॅस्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, वितळवतं.

जे दिसेल ते फोटोसह जाहिरातीत स्पष्ट लिहा. मात्र जोडून रंगवलेल्या मॉडेलना हा हिशेब लागू नाही: त्यांना बहुधा फार थोडे पैसे येतात आणि पार्सलमध्ये ती मोडतात, म्हणून जवळपासच्या मॉडेलकारालाच हातोहात द्या. इनॅमल रंग आणि सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद) ज्वलनशील असतात, ते विमान टपालात घालू नका.