कॅटाटोनियाला ‘जडत्व’ म्हणू नका

प्रश्न : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना हालचालीत येणाऱ्या अडचणी आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅन, यावरचा लेख मराठीत आणते आहे. ‘कॅटाटोनिया’साठी (रुग्णाची हालचाल थांबून तो एकाच स्थितीत राहतो ती अवस्था) ‘जडत्व’ चालेल का? आणि ‘मोटर’ला, म्हणजे ‘हालचालीशी संबंधित’ या अर्थी, ‘कारक’ म्हणू की ‘प्रेरक’?

‘प्रेरक’ म्हणा. शाळेच्या विज्ञानात ‘प्रेरक चेता’ रुळलेली आहे.

लेखात एक चूक मात्र होऊ देऊ नका. दुटप्पी माणसाला किंवा उलटसुलट धोरणाला सर्रास ‘स्किझोफ्रेनिक’ म्हणतात, ते ऐकून मला चीड येते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली बर्लिनच्या व्याख्यानात हा शब्द मांडला तो विचार आणि भावना यांचे सांधे उसवतात म्हणून. एका देहात दोन माणसं राहतात म्हणून नव्हे. त्यासाठीचा आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द काहींना बोजड वाटतो. त्यांनी एवढं पाहावं की ग्रीक ‘स्खिझेइन’ आणि संस्कृत ‘छिद्’ ही एकाच मुळाची भावंडं आहेत. ज्याने हा शब्द घडवला त्याचा कान पक्का होता.

आता कॅटाटोनिया. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल कालबाउम यांनी १८७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच जर्मन पर्याय दिला : ‘श्पानुंग्सइररेझाइन’, म्हणजे शब्दशः ताणाचं वेड. ग्रीक ‘टोनोस’ म्हणजे ताणलेली दोरी, वाद्याच्या तारेचा ताण. त्याचं मूळ तेच, ज्यातून संस्कृत ‘तन्’ आला आणि आपल्याकडे तंतू, तंत्र, गायकाची तान आणि रोजचा ताण आला! म्हणजे कालबाउम यांच्या शब्दात आपलाच ताण दडलेला आहे, आणि आपण त्याला ‘जडत्व’ म्हणायला निघालो आहोत.

‘अहो, रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत बसतो, मग जडत्वच की,’ असं एका अनुवादकाने मला ऐकवलं होतं. साफ नामंजूर. जडत्व म्हणजे आत काही चाललेलंच नाही. स्कॅन याच्या उलट सांगतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या सेबास्टियन वाल्थर यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मेंदूतला रक्तप्रवाह एमआरआयने मोजला. कॅटाटोनिया असलेल्यांमध्ये, नुसते पडून असतानाही, पूरक प्रेरक क्षेत्रातला प्रवाह वाढलेला आढळला. अर्धगोलाच्या आतल्या बाजूचा हा भाग हालचाल आखतो, सुरू करतो आणि थोपवतोही. अंग स्तब्ध असतं, पण हा भाग थंडावलेला नसतो. तंबोऱ्याची तार छेडली नाही तरी ती ताणलेली असते. १८७४चा शब्द आणि आजचं यंत्र एकाच जागी येऊन टेकतात, याचा मला फार आनंद आहे. एमआरआयच्या नळीत डोकं जरा हललं तरी प्रतिमा बिघडते, हेही लेखात सांगा. हालचालीचा अभ्यास न हलता करावा लागतो, म्हणून ही कामं अवघड.

‘हे सगळं औषधांमुळेच होतं’ असंही लिहू नका. औषधांनी थरथर आणि ताठरपणा येतो हे खरं, पण या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमझिन, मानसोपचारात आलं १९५२ साली. कालबाउम यांनी त्याआधी पाऊणशे वर्षं हे रुग्ण पाहिले होते.

‘ताण’ हा शब्द एकटा वापरता येत नाही, ही अडचण मला मान्य आहे. तो आता ऑफिस, परीक्षा आणि ईएमआयने बळकावला आहे. ‘ताणस्तब्धता’ करून पाहा. ताण आणि स्तब्धता, दोन्ही त्यात येतात. कुणी नाक मुरडलं तर त्यांना दक्षिण कोरियाचं उदाहरण द्या. जपानने २००२ साली स्किझोफ्रेनियाचं ‘मनोविभाजन’ अशा अर्थाचं जुनं नाव टाकलं, आणि २०११ साली कोरियाने स्किझोफ्रेनियासाठी ‘जोह्योनब्योंग’ हे नाव घेतलं. ‘जोह्योन’ म्हणजे वाद्याच्या तारा जुळवणं. तिथेही शेवटी तारच!