मराठी माध्यमाची नर्स आणि स्पीकिंगची धास्ती

“मॅडम, माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. उच्चार गावाकडचे. मला सात बँड पडतील का हो?” आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची (तिचे गुण ‘बँड’मध्ये देतात) तयारी करणारी कितीतरी मुलं-मुली हे विचारतात. त्यांतल्या एका नर्सची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

तिला ब्रिटनमध्ये नोकरी करायची होती. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये ७, तर रायटिंगमध्ये ६.५ बँड लागतात. ती स्पीकिंगमध्ये ६ वर अडली होती. “माझे उच्चारच आडवे येतात,” असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

मी म्हटलं, “तुझ्या गावाबद्दल इंग्रजीत सांग बघू.” क्लासमध्ये लिहून दिलेलं उत्तर तिनं घडाघडा म्हटलं. मध्येच मी विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता? ती गप्पच झाली. खरी अडचण ही होती, आणि अशी तयार उत्तरं पाठ करून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्पीकिंगमध्ये ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारही गोष्टींना सारखंच वजन असतं. उच्चारांत मुख्यतः बोलणं नीट कळतंय का, हे पाहतात. मराठी वळण आहे एवढ्यावरून बँड कमी होत नाही. पाठांतर मात्र परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

“मग बोलू तरी काय?” ती रडवेली झाली. मी तिला आदल्या रात्रीच्या ड्यूटीबद्दल मराठीत विचारलं. तापानं फणफणलेल्या एका आजी, सारखी निघणारी सलाइन, सकाळपर्यंत न फिरकलेला मुलगा. ती भरभरून बोलली. मग हेच इंग्रजीत सांगायला लावलं. अडखळली, पण थांबली नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या भागात कार्डावर विषय देतात. एक मिनिट तयारीला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. त्या मिनिटात अख्खी वाक्यं लिहायची नाहीत, असं आम्ही ठरवलं. कोण, कधी, काय बिघडलं, पुढे काय झालं, एवढेच शब्द टिपायचे. ड्यूटीवरून आल्यावर ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची, अडलेला शब्द शोधून पुन्हा बोलायची. नवरा प्रत्येक वाक्यात चूक काढायचा. त्याला बोलावून मी सांगितलं, “तुम्ही फक्त ऐका.” त्यानं ते पाळलं.

पुढे तिच्यासमोर ओईटीचा पर्याय ठेवला. आरोग्यसेवकांसाठीची ही इंग्रजीची परीक्षा तिथलं कौन्सिल स्वीकारतं, आणि तिच्या स्पीकिंगमध्ये नर्स आणि रुग्ण यांच्यातले दोन संवाद असतात. ते तर तिचं रोजचंच काम! स्पीकिंगमध्ये तिला हवी ती ‘बी’ श्रेणी मिळाली. रायटिंग थोडक्यात राहिलं. त्यात रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं, आणि ती नोंदींतलं सगळंच लिहिते. त्यातलं काय गाळायचं, याचा सराव सध्या चालू आहे.