बाहेरचं जेवण बंद केलं तर खरंच बारा हजार वाचतील?

प्रश्न (थोडक्यात): आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. मी मिहानमध्ये, नवरा सीताबर्डीला नोकरी करतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१२,००० रुपये, घराचा हप्ता ३१,०००. मुलगी सात वर्षांची आहे. सकाळचे डबे आम्ही दोघं मिळून करतो, ते नीट चाललंय. संध्याकाळी मात्र अंगात त्राण उरत नाही आणि अॅपवरून मागवलं जातं. महिन्याला सरासरी १३,४०० रुपये त्यात जातात. यांचं म्हणणं, हे सगळं बंद करून १२,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याची गुंतवणूक, सुरू करू. मला वाटतं दोन वेळच्या स्वयंपाकाला बाई ठेवावी, त्या ७,००० मागतात. शेजारचे म्हणतात मेसचा डबा लावा, दोन डब्यांचे महिन्याला ५,४००. काय करावं? अॅपची वर्षाची मेंबरशिपही संपत आलीय, ती परत घ्यावी का?

उत्तर: ताई, तुमच्याकडून मी मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरची यादी मागवली, आणि तुम्ही ती पाठवताना खाली लिहिलंत, 'हसू नका.' नाही हसलो. माझ्या घरची यादी तुम्ही बघाल तर तुम्हीच हसाल.

आधी भीती काढून टाकू. १३,४०० म्हणजे तुमच्या हातातल्या पगाराचे बारा टक्के. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आला आणि त्यातले ११ टक्के चहापाणी, नाश्ता, तयार पदार्थ यांवर गेले. तिघांच्या घराला ते जेमतेम २,३०० होतात, आणि त्यात बिस्किटाचा पुडा आणि टपरीवरचा चहाही आला. तेव्हा तुम्ही जास्त खर्च करता हे खरं, पण ती सरासरी साऱ्या देशाच्या शहरांची आहे. तिच्यासाठी स्वतःला शिक्षा करून घेऊ नका.

तीन महिन्यांत ८७ ऑर्डर, ४०,२०० रुपये. मी त्यांचे तीन ढीग केले. पहिला ढीग सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेआठनंतरच्या जेवणाचा: ४१ ऑर्डर, २२,१०० रुपये. दुसरा रविवारचा आणि पाहुण्यांचा, त्यात बहुतेक सावजी, म्हणजे झणझणीत मटण रस्सा, आणि थोडी बिर्याणी: १३ ऑर्डर, ९,९०० रुपये. तिसरा किरकोळ. एकच बर्गर, दोन कोल्ड कॉफी, रात्री दहाला आइस्क्रीम: ३३ ऑर्डर, ८,२०० रुपये. तुम्ही दोघं या तिघांना मिळून 'बाहेरचं' म्हणता, म्हणून भांडण होतं. तीन वेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं.

पहिल्या ढिगातलं एक बिल बघा. बुधवार, रात्री ८ वाजून ५२ मिनिटं. दोन पनीर रोल ३१८, फ्राइज ११९, मिळून ४३७. त्यावर ५० रुपयांची सूट, म्हणजे ३८७. पॅकिंगचे २५ धरून ४१२, त्यावर ५ टक्के जीएसटी २१. पुढे डिलिव्हरी ३८, प्लॅटफॉर्म फी १२ आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, ९ रुपये. डिलिव्हरीच्या शुल्कावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागलाय. ४९२ झाले, वर २० रुपये ऑर्डर आणणाऱ्या मुलाला टिप. ती मात्र कमी करू नका. एकूण ५१२.

आता दुकानातला भाव. त्याच दुकानाचं मेनूकार्ड तुमच्या यजमानांनीच फोटो काढून पाठवलंय: रोल १३०, फ्राइज ९९. करासकट ३७७. अॅपवर भाव चढा का असतो? दुकानदाराला अॅपला कमिशन द्यावं लागतं, ते तो वरच्या भावात बसवतो. म्हणजे ५० रुपयांची सूट मिळूनही १३५ रुपये जास्तच गेले. आणि गंमत अशी की दुकान उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनपासून चार मिनिटांवर आहे. यजमान सीताबर्डीहून येऊन रोज साधारण ८ वाजून २५ मिनिटांनी त्याच दुकानावरून चालत घरी येतात. सत्तावीस मिनिटांनी त्याच दुकानातून घरी ऑर्डर जाते.

तिसरा ढीग सगळ्यात महाग, दिसायला सगळ्यात स्वस्त. सरासरी ऑर्डर २४८ रुपयांची, त्यात डिलिव्हरी, पॅकिंग, फी आणि त्यांवरचा कर धरून ८५ रुपयांच्या आसपास. तीनातला एक रुपया पदार्थाचा नाहीच. मीही हा मूर्खपणा करून बघितलाय. एका रविवारी पाऊस होता, खाली उतरायचा कंटाळा आला आणि तर्री पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, अॅपवरून मागवले. गाड्यावर ३० रुपयांची प्लेट ९८ रुपयांना पडली. तर्री गाठ मारलेल्या पिशवीत, पोहे डब्यात वाफेने गिच्च झालेले, चणे बाजूला कोमट. तर्री पोह्याची किंमत गाड्याशेजारी उभं राहून खाण्यात आहे. वाटेत ती निम्मी होते आणि बिल तिप्पट.

यावरून एक गोष्ट सांगतो, कारण पैशाचा हिशेब करताना लोक ही बाजू विसरतात. जो पदार्थ वाटेत बिघडतो, त्याचे पूर्ण पैसे देऊन आपण अर्धा खातो. फ्राइज, डोसा, भजी, आलुबोंडा, तंदुरी रोटी, सगळं बंद डब्याच्या वाफेत मरतं. तुमच्या यादीत डोसा सात वेळा आलाय. तसा डोसा घरी आणण्यापेक्षा पोळीची चटणी-गुंडाळी बरी. रस्सा, बिर्याणी, वरण, कढी यांना प्रवास झेपतो. पाटोडीचा रस्सा वेगळ्या डब्यात आला तर तोही.

आणि सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला तो रस्सा, वर तर्रीचा जाड थर. अर्ध्या तासाने उघडा, तोंड भाजेल असाच असतो, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीशी जास्त चांगला लागतो. तुमची रविवारची ऑर्डर सरासरी ७६० रुपयांची आहे. घरी तेवढंच मटण करायचं तर मटण, मसाला, तेल, गॅस धरून ५५० च्या घरात जाईल. वर खोबरं, कांदा, खसखस भाजून वाटायला अख्खी सकाळ. दोनशे रुपयांत रविवार मिळत असेल तर मी तो घेईन. हा ढीग मी तोडणार नाही. फक्त मागवू नका. स्टीलचा डबा घेऊन जा, रस्सा घेऊन या, पोळ्या-भाकरी घरच्या करा. चार रविवारांत ६०० रुपये सुटतील.

आता यजमानांच्या बारा हजारांकडे येतो, कारण खरी चूक तिथे आहे. मागवणं बंद केलं म्हणजे जेवण बंद होत नाही. आठवड्यातल्या रात्री घरी पोळी-भाजी-वरण-भात केला तर तिघांचे १५० रुपये धरा. महिन्याला अशा चौदा रात्री, म्हणजे २,१००. रविवारचं मटण घरी केलं तर चार-सव्वाचार रविवारांचे २,४००. किरकोळ खाण्याच्या जागी घरचं काही, साडेपाचशे. पाच हजार परत किराण्यात गेले. सगळं म्हणजे सगळं बंद केलं तरी ८,३०० च्या वर काही हाती लागत नाही. ते आठ हजारही कुणीतरी रात्री साडेआठला ओट्यापाशी उभं राहून कमवायचे आहेत. ते 'कुणीतरी' कोण, हे यजमानांच्या हिशेबात लिहिलेलं नाही. तुमच्या पत्रात लिहिलेलं नसलं तरी कळतं.

त्यांना मी एकच विचारेन: आठवड्यातून तीन रात्री स्वयंपाक तुम्ही कराल का? हो म्हणाले, आणि दोन महिने टिकले, तर पुढचं सगळं बदलेल. तसं झालं तर मला नक्की कळवा.

तोवर बाईंचा विचार करू. ७,००० दोन वेळचे आहेत. सकाळ तुमची चाललीय, मग ती विकत कशाला घेता? फक्त संध्याकाळ, सोमवार ते शुक्रवार, तीन माणसांची पोळी-भाजी आणि वरण-भात, असं विचारा. माझ्या ओळखीच्या घरांमध्ये एवढ्याला ४,००० च्या आसपास ठरतं. दिवाळीला एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यावा लागतो, आणि द्यावाच. तो बारा महिन्यांत वाटला तर ३३०. महिन्यात दोन-तीन खाडे होणारच. त्या रात्री मागवा, मनाला लावून घेऊ नका. बाईंचा पगार ४,३३०, अकरा रात्रींचा किराणा १,६५०, खाड्याच्या तीन ऑर्डर १,६२०. बेरीज ७,६००. आज याच रात्रींवर तुमचे ७,३७० जातात. म्हणजे बाई ठेवून एक पैसाही वाचत नाही, उलट २३० रुपये जातात. तरीही ठेवा. कारण आज ज्या आठ-नऊ रात्री तुम्ही स्वतः कशाबशा रेटता त्याही त्या पगारात सुटतात, आणि पोर झोपायच्या आधी गरम पोळी खाईल. पैशाचं कारण सांगून बाई ठेवू नका, नाहीतर चार महिन्यांनी 'कुठे काय वाचलं?' असा प्रश्न येईल.

डब्याचं मला पटत नाही. मुलगी मेसची भाजी खात नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग ५,४०० देऊन तिच्यासाठी वेगळी ऑर्डर होणार.

मेंबरशिप घेऊ नका. ती डिलिव्हरीचे पैसे माफ करते, तेही ठरावीक रकमेच्या वर मागवलं तर. त्या रकमेला पोचायला लोक एक गुलाबजाम जास्त मागवतात. पॅकिंग आणि प्लॅटफॉर्म फी राहतेच, चढा भाव राहतोच. महिन्याला २९ ऑर्डर होत्या तेव्हा तिला काही अर्थ होता. आता खाड्याच्या तीन आणि किरकोळ चार उरतील. किरकोळ ऑर्डर अकरावरून चारवर आणल्या की घरच्या खाण्याचा खर्च वजा जाता चौदाशेच्या आसपास सुटतात.

जाता जाता एक. तुमच्या यादीत खिचडीवालं एक नाव आणि बिर्याणीवालं दुसरं, दोन्ही बिलांवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, तोच १४ आकडी परवाना क्रमांक आहे. किचन एकच, पाट्या दोन. त्यात बेकायदा काही नाही, पण एकाकडचं जेवण बाधलं म्हणून दुसऱ्याकडे वळाल तर फसाल. हा क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापावाच लागतो, बघत जा.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. या ऑर्डर क्रेडिट कार्डावर जातात आणि कार्डावर १८,००० ची बाकी मागच्या महिन्यांपासून फिरतेय, तुम्ही थोडे थोडे भरता. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी: महिना ७४० रुपये. दीड रात्रीचं जेवण बँक खातेय. बचत खात्यात ६०,००० पडून आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातून ही बाकी याच आठवड्यात पूर्ण भरा. उरलेल्या ४२,००० ना हात लावू नका.

बेरीज करू. किरकोळचे १,४००, रविवारचे ६००, त्यातून बाईंमुळे जास्त गेलेले २३० वजा, कार्डाचे ७४० मिळाले. २,५०० च्या थोडं वर होतात. एसआयपी २,५०० ची करा, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाका. मुलीच्या कॉलेजला दहा-अकरा वर्षं आहेत, तेव्हा साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या फंडात, चालेल. वर्षाला १० टक्के परतावा धरला, आणि तो धरायचा असतो, मिळेलच असं नाही, तर दहा वर्षांत ५ लाखांच्या थोडं वर. यजमानांना बारा हजारांच्या आकड्याने २४ लाख दिसत होते, त्यामुळे हा आकडा त्यांना आवडणार नाही. पण ती बारा हजारांची एसआयपी दुसऱ्या महिन्यात एखाद्या गुरुवारी रात्री पावणेनऊला मोडली असती. पुढची पगारवाढ झाली की अर्धी त्यात टाका, त्याने आकडा जास्त लवकर वाढेल.

बाईंशी बोलताना खाडे, दिवाळी आणि मे महिन्यात त्या गावाला जाणार का, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत ओट्यापाशी उभं राहायला कुणीच तयार नसतं. त्या महिन्यासाठी चार ऑर्डर जास्त धरून ठेवा. आणि रोलवाल्याचा नंबर यजमानांच्या फोनमध्ये घालून द्या. मेट्रोत बसल्या बसल्या सांगितलं की उतरेपर्यंत तयार असतं.