कावळा, पिंड आणि ‘मला माहीत नाही’

प्रश्न: देव आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, नाही असंही नाही. मित्र मला ‘घाबरट नास्तिक’ म्हणतात. या भूमिकेला काही नाव आहे का?

उत्तर: आहे, अज्ञेयवाद. त्यासाठीचा ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. विचार मात्र फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त, अवघ्या सात ऋचांचं. सृष्टी कुठून आली हे विचारत विचारत ते शेवटी म्हणतं, परम व्योमातला तिचा अध्यक्ष हे जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल. मित्रांना ही सातवी ऋचा ऐकवा.

प्रश्न: वडील अंथरुणाला खिळलेत. ते गेल्यावर सगळं रीतसर करायचं, असं धाकट्या भावाचं म्हणणं. मरणानंतर काय होतं हे मला माहीत नाही. मग दहाव्याला बसणं ढोंग नाही का?

उत्तर: आत्म्याचं राहू द्या, वडिलांना काय हवंय हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते विचारता येतं, शुद्धीवर आहेत तोवरच. अज्ञेयवादी माणसं इथेच चुकतात. जे कळण्यासारखं आहे तेही ‘कोण सांगणार’ म्हणून सोडून देतात.

नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला लगेच फोन, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. पंखा चालू राहिला की बुबुळ सुकतं. देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात आधीच भरून ठेवतात. पण ऐनवेळी घरच्यांपैकी एकजण जरी आडवा आला तरी ते बारगळतं. म्हणून भावाशी आत्ताच बोला. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत.

आता दहावा. पिंड मांडायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. तो शिवला नाही की कुजबुज सुरू: ‘कशात तरी जीव अडकलाय.’ मग कुणीतरी हात जोडून मोठ्याने वचन देतं. खरं तर घाटावर सकाळपासून आठ-दहा पिंड झालेले असले की कावळ्यांची पोटं भरलेली असतात. तरीही नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. ही सोय परंपरेनेच करून ठेवलेली आहे! तुम्ही भावाशेजारी खुशाल बसा, संकल्प त्याला सोडू द्या. कावळा न शिवल्यावर आईला कुणी टोचून बोलू लागलं, तर मात्र गप्प राहू नका.

बाण लागलेल्याने तो आधी उपटून घ्यावा की मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, धनुष्य कसलं, याची चौकशी करत बसावं? मालुंक्यपुत्त या शिष्याने जग शाश्वत आहे का, अशा प्रश्नांचा हट्ट धरला तेव्हा बुद्धाने त्याला हाच दाखला दिला.

प्रश्न: सरकारी फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू?

उत्तर: ‘कोणताही नाही’ लिहिलं तरी चालतं. धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. मात्र तेवढ्याने वारसाहक्काचा कायदा बदलत नाही. हिंदू घरात जन्मलेल्याला, त्याने दुसरा धर्म स्वीकारला नसेल तर, १९५६चा हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी.