अत्याचार सोसणारी मुलगी नववीत अचानक अभ्यासात मागे पडू शकते का?

तुम्ही वर्गशिक्षिका आहात. आठवीपर्यंत पहिल्या पाचांत असलेली मुलगी आता तासाला शून्यात बघत बसते, तिच्यावर घरात अत्याचार होत असेल का आणि आधी पालकांना बोलवावं का, असं तुम्ही विचारलंय.

अत्याचारामुळे असं होऊ शकतं. घरी धास्तीत राहणाऱ्या मुलाचं लक्ष आधी मागून येणाऱ्या पावलांकडे जातं आणि मग फळ्याकडे. पाठांतर कसंबसं निभावतं, पण बीजगणिताचं चार पायऱ्यांचं उदाहरण मध्येच सुटतं. शून्यात बघणं म्हणजे आळस नव्हे. असह्य प्रसंगात मनाने तिथून निघून जायची सवय लागलेली असते, तीच वर्गात दिसते. रात्री झोप नाही म्हणून पहिल्या तासाला डुलक्या, सारखं पोट दुखतं पण सोनोग्राफीत काही नाही, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या आणि त्याखाली ब्लेडचे ओरखडे, हेही दिसतं. मुलग्यांमध्ये बऱ्याचदा मारामारी, तंबाखू, शाळेला दांड्या असं बाहेर पडतं. त्यांना समुपदेशक मिळत नाही, हातात दाखला मिळतो. केंद्र सरकारच्या 2007 सालच्या 13 राज्यांतल्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. तरी स्टाफरूममध्ये ‘मुलांना काय होतंय’ हेच ऐकू येतं.

लहानपणी घडलेल्या गोष्टीचा अर्थही याच वयात लागतो. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्रजननाचा धडा सुरू असताना कुणी कासावीस होऊन बाहेर जायला मागितलं, तर हसण्यावारी नेऊ नका.

आता पालकांचं. आधी पालकांना बोलवू नका. ‘आधी खात्री करू, शाळेचं नाव खराब होईल’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांशी माझं कधीच पटलेलं नाही, कारण त्यातून काय होतं ते ठरलेलं आहे. मुलगी बाईंना सांगते. बाई पर्यवेक्षकांना, ते मुख्याध्यापकांना, ते संस्थेच्या चिटणिसांना. प्रत्येकासमोर तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात. आघाताची आठवण सलग नसते, त्यामुळे तिसऱ्या वेळी क्रम बदलतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘बघा, खोटं बोलतेय.’ संध्याकाळी पालक येतात, आणि ज्याच्याबद्दल ती बोलली तोच कधी कधी सोबत असतो. दुसऱ्या दिवशी ‘काही झालेलं नाही’ असा तिच्याच अक्षरातला कागद शाळेच्या फायलीत लागतो. त्यानंतर ती कुणाशीच बोलत नाही. सांगितल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, ही जखम मूळ घटनेइतकीच खोल जाते.

म्हणून एकाच माणसाने ऐकायचं. जागा शांत हवी, पण बाहेरून दिसेल अशी. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारायचं. ‘काकांनी केलं का?’ असं नाव आपण तोंडात घालायचं नाही, कोर्टात तेच उलटतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. ती गेल्यावर तिचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, शहानिशा करणं हे शाळेचं कामच नाही. गुन्हा झाल्याचं कळूनही दडवलं तर कलम 21 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत. 1098 (चाइल्ड हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत) वर फोन करा. जबाब मुलीच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. घरातच धोका असेल तर ‘घरी नको’ हे तुम्हीच ठासून सांगा. घटना ताजी असेल तर तासही मोजा: एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि गर्भधारणा टाळण्याची गोळीही शक्यतो तेवढ्यातच, उशिरात उशिरा 5 दिवसांत.

उपचारासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघू नका. आघातावर केंद्रित वर्तनोपचार साधारण 12 ते 16 बैठकांचा असतो, आठवड्याला एक, आणि अत्याचारात सामील नसलेला पालक सोबत असला तर तो जास्त लागू पडतो. निव्वळ ‘विसरून जा, अभ्यासात मन रमव’ सांगणाऱ्या समुपदेशकाकडे पाठवण्यापेक्षा 14416 वर टेली-मानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) विचारून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.

एक राहिलं. वरच्या लक्षणांवरून अत्याचार सिद्ध होत नाही. ॲनिमिया, थायरॉइड, वाढलेला चष्म्याचा नंबर, आईवडिलांचं वेगळं होणं यांनीही मुलं अशीच मागे पडतात. आणि प्रकार फक्त मारहाणीचा असेल तर पोक्सो लागत नाही. तिथे बाल न्याय कायद्याचं कलम 75 आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती, फोन तोच, 1098.